ह्येंचा सामान खंय?

मागच्या मे महिन्यात गावी होतो. दुपारची वेळ, पडवीत पंखा, आणि बाबा शेजारी आंब्यांची अढी उलगडून पिकलेले वेगळे काढत बसलेले. मी लॅपटॉपवर ‘ईझी रायडर’ हा १९६९चा अमेरिकन सिनेमा लावला होता. सातव्यांदा की आठव्यांदा, आठवत नाही. मोटारसायकलींचा आवाज ऐकून बाबांनी मान वर केली, हात पंच्याला पुसले आणि खुर्ची ओढून मागे येऊन बसले.

पडद्यावर दोन तरुण विमानतळाच्या कडेला माल विकतात, मिळालेल्या नोटांच्या सुरळ्या एका प्लास्टिकच्या नळीत भरतात आणि ती नळी गाडीच्या टाकीत लपवतात. मग त्यांतला उंच, पीटर फोंडा, मनगटावरचं घड्याळ काढतो, एकदा बघतो आणि धुळीत टाकून देतो. गाड्या सुटतात. गाणं सुरू होतं.

“घड्याळ कित्याक टाकल्यान?” बाबांनी विचारलं.

बाबा सावंतवाडी आगारात ३४ वर्षं कंडक्टर होते. मी म्हटलं, आता त्यांना वेळेशी काही घेणंदेणं नाही, ते मोकळे झाले, असं सांगायचंय. बाबा काही बोलले नाहीत. पाच-सात मिनिटं गेली. वाळवंट, डोंगर, लांबच लांब काळा रस्ता. मग पुन्हा म्हणाले, “आणि ह्येंचा सामान खंय?”

मी चित्र थांबवून फोंडाच्या पाठीमागे बांधलेली वळकटी दाखवली. बाबा पुढे वाकले, नीट बघितली. “इतक्यार भागता?”

प्रवाशाकडे बघताना कंडक्टर आधी त्याचं सामान बघतो. किती नग, काय वजन, टपावर टाकायचं की पायाशी ठेवायचं, लगेजचं तिकीट लागतं का. सामानावरून माणूस कुठून आला आणि किती दिवसांसाठी निघालाय ते कळतं, असं बाबा सांगायचे. अमेरिकेतल्या या सिनेमावर मी इतकं वाचलंय, पण सामानाचा प्रश्न कुणी विचारलेला मला आठवत नाही. त्या दिवसापासून हिप्पींवरचा कुठलाही सिनेमा बघताना तो माझ्या डोक्यात असतो. यांच्याजवळ काय आहे, यांनी काय मागे टाकलंय, आणि ते उचलून ठेवायला मागे कोण उरलंय?

मला आवडतात ते या विषयावरचे स्वस्तातले सिनेमे. मोठ्या स्टुडिओंनी या पोरांवर काढलेले चित्रपट मला आवडत नाहीत, कारण त्यांत रस्ता बांधलेला असतो आणि रस्त्यावरची माणसं रोजंदारीवर आणलेली असतात. केसांचा टोप नीट विंचरलेला असतो. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांना खऱ्या रस्त्यावर जावं लागलं, तिथे मिळेल तो उजेड घ्यावा लागला, जे मध्ये आले त्यांना चौकटीत राहू द्यावं लागलं. कथा बहुतेक वेळा कच्ची असते. पण कथेच्या मागे, नायकाच्या खांद्यापलीकडे, १९६६ ते १९६९ची चार वर्षं उभी असतात.

यात ज्या कंपनीचं नाव पहिलं घ्यावं लागतं ती अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स. जेम्स निकलसन आणि सॅम्युएल आर्कॉफ या दोघांनी १९५०च्या दशकात उभी केलेली. त्यांची पद्धत अशी की आधी चित्रपटाचं नाव ठरायचं, मग पोस्टर तयार व्हायचं, ते थिएटरवाल्यांना आवडलं तर पटकथा लिहायला घ्यायची. गिऱ्हाईक म्हणजे मोटारीत बसून मैदानातल्या पडद्यावर सिनेमा बघणारी तरुण पोरं, एका तिकिटात दोन चित्रपट. राक्षस चालले तेव्हा राक्षस काढले, समुद्रकिनाऱ्यावरची गाणी चालली तेव्हा ती. १९६६ साली रॉजर कॉर्मनने मोटारसायकलवाल्या टोळ्यांवर ‘द वाइल्ड एंजल्स’ केला, तो दणकून चालला, आणि पुढचा माल म्हणून हिप्पी आले. हेतू धंद्याचा होता, हे लपवण्यासारखं नाही. पण कॉर्मन हा विषयाला भिडणारा माणूस होता. एलएसडी या भ्रम घडवणाऱ्या नशेवरचा ‘द ट्रिप’ करायच्या आधी त्याने ते स्वतः घेतलं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या बिग सरला, झाडांखाली, काही तास जमिनीवर पालथा पडून राहिला. जे माहीत नाही ते दाखवणं त्याला अप्रामाणिक वाटत होतं.

‘द ट्रिप’ १९६७चा. पटकथा जॅक निकलसनची, त्या वेळी तो फारसा कुणाला माहीत नव्हता. जाहिराती बनवणारा एक माणूस, घटस्फोटाच्या उंबरठ्यावर उभा, पहिल्यांदा एलएसडी घेतो आणि एक रात्र त्याच्या डोक्यात काय काय होतं, एवढीच गोष्ट. पैसे नसल्याने भ्रम दाखवायला साध्या युक्त्या आहेत. उघड्या अंगांवर रंगीत द्रवांचे उजेड सोडायचे, शोभादर्शकासारखी भिंगं लावायची, दृश्यं भराभर कापायची. त्यातल्या झगे घातलेल्या घोडेस्वारांचं मला काही वाटत नाही, ते आज जुनाट दिसतात. पण एक दृश्य माझ्या मनातून जात नाही. रात्री उशिरा नायक भटकत भटकत नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानात शिरतो. तिथे एक बाई केसांना रोलर लावून कपडे धुवायला बसलीय. यंत्राच्या काचेतून फिरणारे कपडे बघून नायक हरखून जातो, आणि ती बाई त्याच्याकडे अशी बघते की तिला एकाच वेळी भीतीही वाटतेय आणि या माणसाची विचारपूस करावीशीही वाटतेय. तिला उद्या सकाळी कामाला जायचंय, हे न सांगता कळतं. सबंध सिनेमात घड्याळ चालू असलेलं माणूस ते एकच आहे.

कंपनी घाबरली. सिनेमाच्या सुरुवातीला इशारा देणारी सूचना चिकटवली आणि शेवटी नायकाच्या चेहऱ्यावर काच तडकल्यासारखं चित्र आणलं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की याचं वाटोळं झालं. कॉर्मनला हे मान्य नव्हतं. त्याला शेवट उघडा ठेवायचा होता. तरीही ब्रिटनच्या सेन्सॉरने कित्येक वर्षं प्रमाणपत्र दिलं नाही. तो तडा मला नेहमी दुसऱ्या कुणीतरी नंतर टाकलेल्या सहीसारखा दिसतो. व्यवसायाने मी एडिटर आहे, पुण्यात लग्नांच्या फिल्म कापतो, त्यामुळे असली जोडकामं लगेच नजरेत येतात.

लग्नाच्या फिल्म कापताना लागलेली आणखी एक सवय म्हणजे कडेला बघायची. नवरानवरी मध्ये असतात, त्यांच्याकडे सगळेच बघतात. माझ्या नजरेत राहतो तो डोक्यावर दिव्याचं झाड घेऊन वरातीबरोबर चालणारा मुलगा, पंगतीत मठ्ठा वाढणारी बाई, मांडवाच्या खांबाला टेकून झोपलेलं कुणाचं तरी पोर. गिऱ्हाईक सांगतं, हे कडेचं काढून टाका, झूम करा. मी करतो, पोटाचा प्रश्न आहे. पण मूळ फाइल पुसत नाही. माझ्याकडे अशा कडांनी भरलेल्या चार हार्ड डिस्क आहेत.

म्हणून ‘सायक-आऊट’ हा सिनेमा मला लोक म्हणतात त्याहून फार मोठा वाटतो. मार्च १९६८मध्ये लागला, दिग्दर्शक रिचर्ड रश, कॅमेरा लाझ्लो कोवाच. घर सोडून आलेली एक बहिरी मुलगी भावाला शोधत सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी वस्तीत येते आणि जॅक निकलसनच्या बँडमधल्या पोरांच्या घरात राहते. गोष्ट भाबडी आहे. पण ती मुलगी रस्त्यावरून चालते तेव्हा तो खरा रस्ता आहे आणि १९६७च्या त्या उन्हाळ्याचं उरलंसुरलं त्याच्यावर अजून आहे.

तो उन्हाळा काय होता? जानेवारी १९६७मध्ये तिथल्या गोल्डन गेट पार्कमध्ये हजारो पोरं जमली, कविता झाल्या, गाणी झाली. ही बातमी देशभर गेली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एक लाखाच्या आसपास तरुण त्या दोन-चार रस्त्यांच्या वस्तीत येऊन पडले. झोपायला जागा नाही, खायला नाही, आजार वाढले. ‘डिगर्स’ नावाचा एक गट बागेत मोठ्या भांड्यांतून फुकट जेवण वाढायचा. ६ ऑक्टोबर १९६७ला तिथल्याच लोकांनी ‘हिप्पी मेला’ म्हणून शवपेटी घेऊन प्रेतयात्रा काढली. बरोबर एक वर्षापूर्वी, ६ ऑक्टोबर १९६६ला, कॅलिफोर्नियात एलएसडी बेकायदा झालं होतं. म्हणजे ज्या दिवसात सिनेमेवाले कॅमेरे घेऊन पोचले, त्या दिवसात घरचे लोक सुतक पाळत होते. ‘सायक-आऊट’मधल्या पोरांच्या चेहऱ्यांवर जो थकवा आहे, तो मला अभिनय वाटत नाही.

आणि तिथे बसगाड्या यायच्या. १९६७मध्ये एका प्रवासी कंपनीने हेट-ॲशबरीतून पर्यटकांची बस फिरवायला सुरुवात केली. बंद खिडक्यांतून लोक हिप्पी बघायचे, फोटो काढायचे. रस्त्यावरची पोरं मग काय करायची, तर बसच्या खिडक्यांसमोर आरसे धरायची.

हे बाबांना सांगितलं तेव्हा ते खूप वेळ गप्प होते. मग त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. मी ती लहानपणापासून ऐकत आलोय, पण या वेळी ती वेगळी ऐकू आली.

१९७४ किंवा ७५ची गोष्ट. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, ती सबंध मार्गावर धावायला १९९८ उजाडलं. गोव्याला जाणारे हिप्पी बहुतेक मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जात, पण काही जण कोल्हापूरपर्यंत रेल्वेने येऊन पुढे यष्टीने उतरत. पाऊस संपला की यायचे, पुढचा पाऊस लागायच्या आत निघून जायचे. बाबा तेव्हा नवे होते, पणजी गाडीवर. हिप्पी म्हापशाला उतरत, तिथून हणजुणे नाहीतर शापोरा. बाबा सांगतात, सामान म्हणजे एक कापडी पिशवी, एखादी गिटार, आणि पायांत काही नाही. पैसे मोजताना हातावर नाणी पसरून धरत आणि म्हणत, तू घे. बाबांना त्याचा फार ताण यायचा. दुसऱ्याच्या तळहातावरून नाणी उचलणं म्हणजे त्याचा सगळा विश्वास आपल्यावर येऊन पडणं.

एक दिवस त्यांतला एक तरुण पुढच्या सीटवर उलटा, गुडघ्यांवर बसला आणि एक लहानसा कॅमेरा काढून बाबांचं चित्रीकरण करू लागला. बाबा तिकिटं फाडत मागून पुढे येत होते. हातात ट्रे, चिमटा, खांद्याला चामड्याची पिशवी. बाबांनी टोपी सरळ केली आणि बिल्ला पुढे ओढला. गाडी बांद्याच्या वळणावर होती. तेवढंच. तरुण हसला, बाबा हसले, म्हापशाला तो उतरून गेला.

तो कॅमेरा सुपर-८ असणार. १९६५मध्ये कोडॅकने ही पद्धत बाजारात आणली आणि सिनेमा खिशात मावला. ५० फुटांचं काडतूस, सेकंदाला १८ चित्रं, म्हणजे ३ मिनिटं २० सेकंद. आवाज नाही. धुऊन आल्याशिवाय काय आलं ते कळायचं नाही. जगातले सर्वांत कमी खर्चाचे हिप्पी चित्रपट हेच, त्यांना ना नाव ना पोस्टर. गोव्यातल्या त्या दिवसांचं क्लिओ ओझर या अमेरिकन बाईने सुपर-८वर खूप चित्रण करून ठेवलं होतं. २००० सालानंतर मार्कुस रॉबिन या जर्मन दिग्दर्शकाने ‘लास्ट हिप्पी स्टँडिंग’ नावाचा पाऊण तासाचा माहितीपट केला, त्यात त्यातलं काही बघायला मिळतं. ओझर स्वतः २००१मध्ये गोव्यातच वारली. ते चित्रण सुंदर आहे. ऊन आहे, समुद्र आहे, रंग थोडे पिकलेले आहेत. मी ते थांबवून थांबवून बघितलं आणि माझी नजर सारखी कडांवर. कुणी खाकीतला दिसतो का? हे अर्थातच शक्य नव्हतं, तो तरुण वेगळा, रीळ वेगळं. तरीही बघत राहिलो.

आपल्याकडे ‘हिप्पी’ हा शब्द घरोघर पोचवला तो १९७१च्या ‘हरे राम हरे कृष्ण’ने. देव आनंदने तो काठमांडूत जाऊन केला आणि तिथले खरे हिप्पी चौकटीत घेतले. आशाबाईंच्या आवाजातलं ‘दम मारो दम’ आईला अजून पाठ आहे. तो स्वस्तातला सिनेमा नाही, म्हणून इथे त्याच्यावर थांबत नाही. पण गर्दीतल्या त्या पोरांकडे कधी नीट बघा. त्यांना कथा माहीत नाही, त्यांना फक्त उन्हात बसायला सांगितलंय.

आता पुन्हा ‘ईझी रायडर’कडे येतो, कारण त्या दुपारी आम्ही तो अर्ध्यावर सोडला नव्हता.

या सिनेमाची कल्पना फोंडाला १९६७मध्ये टोरंटोच्या एका हॉटेलात सुचली. चाहत्यांसाठी ‘द वाइल्ड एंजल्स’मधल्या एका फोटोवर सह्या करताना त्याला वाटलं, दोन माणसं, घोड्यांऐवजी मोटारसायकली, देश ओलांडायचा. त्याने रात्रीच डेनिस हॉपरला फोन केला; दिग्दर्शन हॉपरचं आणि दुसरा स्वारही तोच. अमेरिकन इंटरनॅशनलने अट घातली की हॉपर वेळापत्रकात मागे पडला तर दिग्दर्शक बदलू, म्हणून दोघे तिथून उठले. पैसे दिले बर्ट श्नायडर आणि बॉब राफेलसन यांनी. टीव्हीवर ‘द मंकीज’ ही मालिका करून त्यांनी बऱ्यापैकी कमावलं होतं. खर्च चार लाख डॉलरच्या आसपास. १९६९च्या कान महोत्सवात पदार्पणाचं बक्षीस मिळालं आणि जगभरात मिळून सुमारे ६ कोटी डॉलरचा धंदा झाला. त्या आकड्याने हॉलिवूडची झोप उडाली, हे सगळीकडे लिहिलेलं आहे. मला त्यापेक्षा गरिबीने चित्रात काय काय आणलं ते सांगायचंय.

इथेही कॅमेरा लाझ्लो कोवाचचाच. तो हंगेरीचा. १९५६च्या बुडापेस्टच्या उठावात तो आणि चित्रपटशाळेतला त्याचा मित्र विल्मोश झिगमंड तिथेच होते. रस्त्यावरचे रणगाडे त्यांनी चित्रित केले आणि रिळं घेऊन ऑस्ट्रियाच्या सीमेपार पळाले. ज्याने तरुणपणी असा रस्ता टिपला, त्याला रस्त्याची भीती उरत नाही. ‘ईझी रायडर’साठी एका उघड्या शेव्हरले मोटारीवर फळी टाकून कॅमेरा बसवला आणि दोन्ही गाड्यांच्या बरोबरीने चालवला. समोरून ऊन थेट भिंगात शिरतं आणि पडद्यावर उजेडाची वर्तुळं तरंगतात. तोवर याला चूक मानत, असा शॉट फेकून देत. कोवाचने ठेवला. आज मी लग्नाच्या फिल्ममध्ये हाच उजेड मुद्दाम घालतो, त्यासाठी सॉफ्टवेअर मिळतं.

ते वसाहतीचं दृश्य आलं. न्यू मेक्सिकोतल्या ताओसजवळ १९६७मध्ये ‘न्यू बफेलो’ नावाची खरीच वसाहत वसली होती. तिथे चित्रीकरण करू दिलं नाही, म्हणून तिची प्रतिकृती कॅलिफोर्नियाच्या डोंगरात उभारली. शहरातून आलेली पोरं कोरड्या, वाळूसारख्या जमिनीत बी फेकत चालतात. हॉपरचं पात्र म्हणतं, यांचं काही होणार नाही. फोंडा म्हणतो, होईल, यांचं होईल.

“हंयसर कायच रुजाचा नाय,” बाबा म्हणाले. त्या आवाजात टीका नव्हती. आमचं भाताचं कुणगं आहे, बाबा ड्युटी संपवून चिखलात उतरायचे. त्या पोरांसाठी त्यांचा जीव हळहळला. लगेचच पुढे सगळे जेवणाआधी गोल उभे राहतात आणि कॅमेरा अगदी सावकाश एकेका चेहऱ्यावरून फिरत पूर्ण वर्तुळ घेतो. कुणी बोलत नाही. बाबांनी पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली.

लुइझियाना लागतं तसं रस्त्याच्या कडेने काळ्या लोकांची लाकडी घरं जाऊ लागतात, ओसरीवर बसलेली माणसं दिसतात. ती कुणी बसवलेली नाहीत. मोटारीवरून कॅमेरा पुढे जातोय आणि ती तिथे आहेत. न्यू ऑर्लिन्सचा मार्डी ग्रा उत्सव तर सगळ्यांत आधी, १९६८च्या फेब्रुवारीत, साध्या १६ मिलिमीटरवर घाईघाईत टिपलेला, मित्रमंडळी कॅमेरा धरून. चित्र दाणेदार, हललेलं, गर्दीतले लोक सरळ भिंगात बघतात. त्यानंतर दफनभूमीत फोंडा एका पुतळ्याच्या कुशीत बसून आईशी बोलतो, ते बोलणं त्याच्या खऱ्या आईशी आहे. तो दहा वर्षांचा असताना तिने आत्महत्या केली होती, आणि हॉपरने त्याला तिच्याशी बोलायला लावलं. ते बघताना मला दर वेळी वाटतं की मी दार न वाजवता कुणाच्या तरी खोलीत आलोय.

एका गोष्टीने मात्र मी अजून अस्वस्थ आहे. मॉर्गन्झा गावातल्या खाणावळीचं दृश्य. दोघे आणि वाटेत बरोबर आलेला जॅक निकलसनचा वकील, असे तिघे आत येऊन बसतात आणि गावातले पुरुष त्यांच्यावरून घाणेरडं बोलू लागतात. ते पुरुष खरेच त्या गावचे होते. हॉपरने पुढे मुलाखतींत सांगितलं की त्यांनी मोकळेपणी शिव्या द्याव्यात म्हणून आम्ही त्यांना सांगितलं, या पोरांनी गावाबाहेर एका मुलीवर अत्याचार करून तिला मारलंय असं समजा. दृश्य भीषण परिणामकारक झालं. पण पडद्यावर त्या माणसांचा राग लांब केसांवरचा दिसतो, आणि त्यांना सांगितलेलं कारण आपल्याला कळत नाही. त्या काळी तिथे खरा द्वेष होता, माणसं मारली जात होती, हे मी विसरत नाही. तरीही कडेच्या माणसाच्या तोंडात शब्द घालून त्याचा चेहरा कायमचा वापरायचा, हे मला पटत नाही. स्वातंत्र्यावर सिनेमा काढणाऱ्यांनी ते करायला नको होतं.

आणि शेवटच्या शेकोटीचं दृश्य. “आपण घालवलं,” असं फोंडा म्हणतो ते. चित्रीकरण संपल्याची मेजवानी होऊन गेल्यावर लक्षात आलं की हे दृश्य राहूनच गेलं. तोवर मोटारसायकली चोरीला गेल्या होत्या. मग चौकट जवळ घेतली, अंधार ठेवला, कडेला गाड्या नाहीत हे दिसू नये म्हणून. हे वाचल्यापासून मला ते दृश्य बघताना त्या गाड्यांची जागाच जास्त दिसते. त्यांचं शेवटचं सामानही गेलं होतं.

सिनेमा संपला. रस्त्याच्या कडेला जळणारी गाडी, कॅमेरा वर वर जातो, नदी दिसते. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. आई चहा ठेवून गेली. मग बाबांनी विचारलं, “ती गाडी कोणी केल्यान रे?”

मला ते सांगता आलं नाही. इतक्या वेळा बघून मी हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. रात्री शोधत बसलो. त्या मोटारसायकली बनवल्या होत्या क्लिफ वॉझ आणि बेन हार्डी या दोन काळ्या कारागिरांनी. पोलिसांच्या लिलावातून घेतलेल्या जुन्या हार्ले-डेव्हिडसन, त्यांचा सांगाडा कापून, पुढचे दांडे लांब काढून, फोंडाच्या गाडीच्या टाकीवर अमेरिकेचा झेंडा रंगवून. वॉझ नागरी हक्कांच्या चळवळीत छायाचित्रकार म्हणून काम केलेला माणूस. जगातली बहुधा सर्वांत प्रसिद्ध मोटारसायकल यांच्या हातची, आणि सिनेमाच्या श्रेयनामावलीत दोघांचं नाव नाही. कित्येक दशकं कुणी घेतलंही नाही. हार्डी १९९४मध्ये गेला, वॉझ २०१६मध्ये. सकाळी मी बाबांना दोघांची नावं सांगितली. बाबांनी ती दोनदा माझ्याकडून म्हणून घेतली आणि कॅलेंडरच्या मागच्या बाजूला देवनागरीत लिहून ठेवली. का, ते मी विचारलं नाही.

गणपतीला पुन्हा गावी गेलो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी घर रिकामं झालं होतं, ओटीवर आम्ही दोघंच. मी विचारलं, बाबा, त्या दिवशी कॅमेरा नेमका कुठे होता? बाबा उठले. ओटीच्या मध्ये पाय फाकवून उभे राहिले, गाडी चालू असताना राहतात तसे, गुडघे जरा सैल. डावा हात वर करून दांडी धरली. मग मला बोटाने पुढची जागा दाखवली. “हंयसर. गुडघ्यार बस.”

मी त्या जागी गुडघ्यांवर बसलो आणि फोन वर धरला. बाबांनी डोक्यावर नसलेली टोपी सरळ केली, छातीवरचा बिल्ला पुढे ओढला आणि वर हात नेऊन दोरी दोनदा खेचली.